स्टोअररूममधे सापडलेल्या जुन्या डॉक्टरांच्या तसबिरी : पेंटरला बोलावण्याआधी हे वाचा

मॅडम, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या स्टोअरमधे डॉक्टरांच्या आणि प्रोफेसरांच्या वीस-पंचवीस तसबिरी सापडल्यात, त्यात काही तैलचित्रं आहेत, बाकी फोटो, निम्म्यांवर नाव नाही. वर्धापनदिनाच्या आत नव्या हॉलमधे लावायच्यात. एक पेंटर म्हणतोय सगळ्या नव्यासारख्या करून देतो, कमिटीतले एक सर म्हणतायत एआयने कलर करून मोठे प्रिंट काढू आणि जुनं सगळं भंगारात देऊ, आणि सोबत सुश्रुतापासून जगातल्या मोठ्या डॉक्टरांची एक रांग पण हवीय.

मी इथे नाशिकमधे जुनी चित्रं आणि जुने फोटो दुरुस्त करायचं काम बरीच वर्षं करतोय, वाड्यांमधले, संस्थांमधले, आणि डॉक्टरांच्या घरचे तर खूपच. त्यामुळे लांबलचक उत्तर देतो, कारण हा विषय माझ्या जिवाभावाचा आहे आणि यात घाईने जे होतं ते परत फिरवता येत नाही. आधी ओळख पटवा, मग धूळ काढा, आणि रंगकाम करायचंच नाही असं धरून चाला. तसबीर ही शोभेची वस्तू नंतर, आधी ती त्या माणसाची नोंद आहे, केसपेपरसारखी. केसपेपरवर खाडाखोड करून तो सुंदर करायला कोणी जात नाही ना?

पेंटरच्या "नव्यासारखं करून देतो" बद्दल आधी बोलतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाला जेफरसन मेडिकल कॉलेजचे सर्जरीचे प्रोफेसर होते सॅम्युअल ग्रॉस. थॉमस ईकिन्स या चित्रकाराने १८७५ मधे त्यांचं ऑपरेशन चालू असतानाचं भलंमोठं तैलचित्र काढलं, द ग्रॉस क्लिनिक. मधे ग्रॉस उभे, काळा कोट, हातात स्कॅल्पेल, हाताला रक्त, मागे अंधारात विद्यार्थी बसलेले. त्या वेळी लोकांना ते रक्त इतकं खटकलं की १८७६ च्या मोठ्या प्रदर्शनात चित्रांच्या दालनात त्याला जागाच दिली नाही, ते लावलं लष्करी हॉस्पिटलच्या विभागात. आज हे चित्र अमेरिकेतल्या सगळ्यात महत्त्वाच्या चित्रांत धरतात, २००६ मधे ते ६ कोटी ८० लाख डॉलरला शहराबाहेर विकलं जायची वेळ आली तेव्हा फिलाडेल्फियाच्या लोकांनी पैसे उभे करून ते तिथेच ठेवलं. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणीतरी हे चित्र "साफ" केलं. ईकिन्सने मुद्दाम वरून दिलेले पातळ गडद थर त्या सफाईत निघून गेले, आणि मागचा जो भाग अंधारात रहायला हवा होता तो लालसर होऊन पुढे आला. पुढे २०१० मधे तिथल्या तज्ज्ञांनी ते सुधारलं. ते कशाच्या आधारावर? तर ईकिन्सनेच त्या चित्राची शाईत केलेली एक प्रत होती आणि एक जुना फोटो होता, म्हणून कळलं की मूळ अंधार किती होता. तुमच्याकडच्या चित्रांची अशी प्रत कुठे आहे? नाहीच बहुतेक, मग एकदा गेलं की गेलंच.

म्हणून पहिलं काम, कोणीही कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक तसबिरीचा फोटो काढा. पुढून, मागून, चारी कोपरे, फ्रेमच्या पट्टीवरची अक्षरं, मागची चिठ्ठी, सगळं. मोबाइलने काढले तरी चालतील, फक्त फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड बाजूने येऊ द्या, खिडकीजवळ उभं करून काढलं की पृष्ठभागावरच्या भेगा आणि पोपडे पण दिसतात. प्रत्येकाला नंबर द्या, नंबर पेन्सिलने फ्रेमच्या मागच्या लाकडावर लिहा, फोटोच्या मागे बॉलपेनने अजिबात नाही, त्याचा ठसा पुढे चेहऱ्यावर उमटतो.

आता तैलचित्रं. घरोघरी आणि संस्थांमधे जे उपाय चालतात ते मी डोळ्यांनी पाहिलेत आणि त्याने जीव तुटतो. चमक यावी म्हणून जवसाचं तेल चोळतात, ते सुरुवातीला छान दिसतं, मग काही वर्षांनी पिवळं आणि पुढे तपकिरी होतं आणि त्यावर धूळ कायमची बसते. बटाट्याची फोड फिरवतात, त्यातलं पाणी भेगांतून आत शिरतं आणि पिठूळ अंश राहतो त्यावर बुरशी येते. ओला कपडा, साबण, कॉलिन, टर्पेंटाइन, यातलं काहीही नको. फर्निचरचं वार्निश तर मुळीच नको. तुम्ही फक्त मऊ, कोरडा, रुंद ब्रश घ्या, चित्र उभं धरा आणि वरून खाली हलक्या हाताने धूळ झटका. आणि जिथे रंगाचे पोपडे सुटलेत तिथे ब्रशपण लावू नका. कॅनव्हास सैल पडून लोंबत असेल तर मागच्या चौकटीच्या कोपऱ्यात लाकडी पाचरी असतात त्या ठोकून ताणायचा मोह होईल, पण जुना रंग कडक झालेला असतो, तो ताणला की तडकतो. पावसाळ्यात सैल झालेला कॅनव्हास पुष्कळदा हिवाळ्यात आपोआप बसतो, तेवढी वाट बघा. खरोखर मोठं नुकसान असेल, म्हणजे फाटलंय, रंग गळतोय, तर मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, वारसा जपणाऱ्या इनटॅक संस्थेचे लोक आहेत, त्यांना फोटो पाठवून विचारा. साइनबोर्डवाल्या पेंटरला नाही. पेंटर माणूस चांगला असतो, त्याचा हेतूही चांगला असतो, पण त्याला चेहरा "भरायची" सवय असते आणि इथे भरायचं काहीच नाहीये.

फोटोंचं प्रकरण जास्त नाजूक आहे आणि तुमच्याकडे फोटोच जास्त आहेत. जुन्यात साधारण तीन जाती भेटतात. एक म्हणजे पातळ कागदावरचा, जाड पुठ्ठ्याला चिकटवलेला, पिवळसर चॉकलेटी रंगाचा, जवळून पाहिलं तर बारीक जाळी पडलेली, हा अंड्याच्या पांढऱ्यावर केलेला अल्ब्युमेन प्रिंट, एकोणिसाव्या शतकातला असायची शक्यता खूप. दुसरा नेहमीचा काळापांढरा जिलेटिनचा, याच्या कडांना गडद भागात निळसर चंदेरी झाक दिसते, ती चांदी वर आलेली असते, ती पुसायची नाही, ती त्याच्या वयाची खूण आहे. आणि तिसरी म्हणजे आपल्याकडची खास, ब्रोमाइड एन्लार्जमेंट (कागदावर मोठा केलेला फोटो) करून वरून हाताने रंगवलेली. लांबून तैलचित्रच वाटतं, जवळून पाहिलं की कोटावर, पगडीवर ब्रशचे फटकारे आहेत पण डोळ्यांत आणि कानाच्या पाळीत फोटोचे कण दिसतात. अशा तसबिरी तैलचित्र समजून साफ केल्या की वरचा रंग निघतो आणि खालचा फिका फोटो उघडा पडतो, होत्याचं नव्हतं होतं. त्यामुळे भिंग घेऊन आधी ठरवा की हे आहे काय.

फ्रेम उघडायची कशी ते पण सांगतो, कारण हे तुम्ही स्वतः करू शकता, फक्त सावकाश. टेबलावर स्वच्छ चादर घाला, तसबीर पालथी ठेवा. मागच्या कडेला तपकिरी कागदाची पट्टी असते ती कटरने कडेकडेने कापा. मग चुका दिसतील, गंजलेल्या असतात, त्या पक्कडीने आडव्या न ओढता सरळ वर घ्या नाहीतर बीडिंग, म्हणजे फ्रेमची लाकडी पट्टी, फुटते. मागचा प्लाय किंवा हार्डबोर्ड उचलला की पुष्कळदा आत रद्दी पेपर निघतो. तो फेकू नका! जुने फ्रेमवाले फटी भरायला त्या आठवड्याचा पेपर घालायचे, त्यावरची तारीख म्हणजे फ्रेम त्या दिवसाच्या आधीची नाही हे नक्की झालं. त्यानंतर पुठ्ठा, मग फोटो. इथे थांबा आणि कोपरा किंचित उचलून बघा, फोटो काचेला चिकटलाय का. नाशिकच्या पावसाळ्यात, विशेषतः नदीकाठच्या जुन्या वाड्यांच्या भिंतीवर जे राहिलेत, ते निम्मेअधिक चिकटलेले असतात, कारण मधे माउंट, म्हणजे फोटो आणि काच यांच्यात फट ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, दिलेला नसतो आणि जिलेटिन ओलीने मऊ होऊन काचेला धरतं. चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकट तसाच ठेवा, काचेतूनच स्कॅन करा. ओढलात तर नेमका चेहराच काचेवर राहतो.

स्कॅन सहाशे डीपीआयने, छोटा फोटो असेल तर बाराशेने, टिफ फाइलमधे, आणि ही मूळ फाइल कोणी बदलायची नाही. कमिटीतल्या सरांना जो एआय वापरायचाय तो त्या फाइलच्या कॉपीवर वापरू दे, पण मला विचाराल तर हॉलमधे तो प्रिंट लावू नका. का ते सांगतो. माझ्याकडे जिल्ह्यातल्या एका जुन्या डॉक्टरांचा फोटो आला होता, घरच्यांनी आधी कुठूनतरी एआयने "एन्हान्स" करून आणलेला प्रिंटही सोबत होता. मूळ फोटोत त्यांच्या गालांवर आणि कपाळावर बारीक खड्डे होते, स्पष्ट दिसत होते, देवीचे वण. प्रिंटमधे गाल एकदम तुकतुकीत. मशीनला वाटलं हा कागदावरचा डाग आहे! आता विचार करा, ज्या माणसाला स्वतःला लहानपणी देवी आल्या होत्या तो पुढे डॉक्टर झाला, खेड्यापाड्यात फिरला, त्याच्या चेहऱ्यावरच तो आजार लिहिलेला होता. आपल्या देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, म्हणजे आजच्या तुमच्या विद्यार्थ्यांनी असे वण कधी पाहिलेलेच नाहीत, त्यांना दाखवायची संधी त्या फोटोत होती आणि ती पुसली गेली. डोळ्यांत चमक घालणं, दात सारखे करणं, पागोट्याला भलताच रंग देणं, हे सगळं त्यातच. नाव त्यांचं आणि चेहरा भलत्याचाच.

नावं नसलेल्यांची ओळख कशी पटवायची. सगळ्यात आधी पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला स्टुडिओचं नाव दाबून उमटवलेलं असतं, मागे कधी पत्ता, मिळालेली पदकं छापलेली असतात. मग पदव्या बघा, नाव खोडलं गेलं तरी पट्टीवर पदवी शिल्लक असते. एल.एम. अँड एस. ही मुंबई विद्यापीठाची जुनी पदवी. एल.सी.पी.एस. असेल तर माणूस १९१२ नंतरचा, कारण कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स त्या वर्षी निघालं. रावबहादूर, रावसाहेब, खानबहादूर असेल तर सरळसरळ इंग्रजांच्या काळातला किताब. कोटाची बटणं पण बघा, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटी छापली गेलीय, मग भांगसुद्धा खरा कुठल्या बाजूला होता ते लक्षात येतं.

आणि हात बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो. डॉक्टरांच्या तसबिरीत चेहऱ्याइतकेच हात बोलतात. व्हेसालियसच्या १५४३ च्या शरीररचनेच्या ग्रंथात त्याचं स्वतःचं चित्र आहे, अठ्ठावीस वर्षांचा तरुण, समोर सोललेला हात धरलाय आणि बघणाऱ्याकडे सरळ बघतोय, जणू म्हणतोय की हे मी स्वतः कापून पाहिलंय. रेम्ब्रांटचं १६३२ मधलं डॉ. टुल्पचं चित्र सगळ्यांना माहीत असतं, हेगच्या मॉरिट्सहाऊसमधे आहे, पण त्यात डॉक्टरचे दोन्ही हात काय करतायत ते फार कमी लोक बघतात. उजव्या हातात चिमट्याने प्रेताच्या हाताचे स्नायू उचलून धरलेत, बोटं वाकवणारे, आणि डाव्या हाताची बोटं वाकवून तो त्याच स्नायूचं काम करून दाखवतोय. शिकवणं कसं असतं ते एका चित्रात आलंय. त्या चित्रात मागच्या एकाच्या हातात कागद आहे, त्यावर हजर असलेल्या सर्जनांची नावं आहेत, ती मूळ चित्रात नव्हती, नंतर कोणीतरी घातली. आणि टेबलावर जो आहे, फाशी दिलेला चोर, आरिस किंट, त्याचं नाव इतिहासात राहिलं पण त्या यादीत अर्थातच नाही.

आपल्याकडच्या स्टुडिओ फोटोत सहसा एक हात पुस्तकावर किंवा टेबलावर असतो, दुसरा घड्याळाच्या साखळीपाशी. घड्याळ फक्त श्रीमंती दाखवायला नाही, नाडी मोजायला डॉक्टरला ते लागायचंच. स्टेथोस्कोप गळ्यात असेल तर फोटो बराच अलीकडचा समजा. स्टेथोस्कोप निघाला १८१६ मधे, पण ती नुसती एक नळी होती, दोन्ही कानांचा १८५० च्या आसपास आला, आणि तो गळ्यात टाकून फोटो काढायची पद्धत त्याहून पुष्कळ नंतरची. पांढऱ्या कोटाचंही तसंच. ईकिन्सचीच दोन चित्रं शेजारी लावून बघा, १८७५ च्या ग्रॉस क्लिनिकमधे सगळे काळ्या कोटात ऑपरेशन करतायत, आणि १८८९ च्या अ‍ॅग्न्यू क्लिनिकमधे सगळे पांढऱ्यात, शेजारी नर्स उभी. चौदा वर्षांत जंतूंची कल्पना डॉक्टरांच्या अंगावर चढली. तुमच्या हॉलमधे जागा असेल तर मी रांगेऐवजी ही दोन चित्रं शेजारी-शेजारी लावेन, विद्यार्थ्यांना दहा लेक्चरमधे सांगून जे कळणार नाही ते तिथे उभ्या उभ्या कळेल. अ‍ॅग्न्यूचं चित्र विद्यार्थ्यांनीच वर्गणी काढून करवून घेतलं होतं हेही खाली लिहा.

आता मजकुराकडे, म्हणजे तसबिरीखालच्या पट्टीकडे. यात संस्था फार ढिलाई करतात. उदाहरण आनंदीबाई जोशींच्या त्या प्रसिद्ध फोटोचं घ्या, तिघीजणी बसलेल्या, आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली त्यांच्या देशाच्या पेहरावात. हा फोटो तुम्ही लावणारच, लावायलाच हवा. पण खाली "पाश्चात्त्य वैद्यकाच्या पहिल्या तीन महिला डॉक्टर" असलं काहीतरी लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय. फोटोवर तारीख आहे १० ऑक्टोबर १८८५. त्या दिवशी तिघीही विद्यार्थिनी होत्या, फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजात. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला, ओकामींना १८८९ मधे, इस्लामबुलींना १८९० मधे. आणि आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्यासुद्धा, बावीस वर्षांच्या होण्याआधी. हे एवढं खरं खरं लिहिलं तर वाचणाऱ्या मुलीला त्या फोटोतलं वय कळेल, की अरे या आपल्याएवढ्याच आहेत, परीक्षा अजून व्हायचीय. "पहिल्या" म्हणून मोठं करायच्या नादात ते निघून जातं. रुखमाबाईंचाही लावा, त्या लंडनला शिकून १८९४-९५ च्या सुमारास परत आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी खरोखर वर्षानुवर्षं दवाखाने चालवले, त्यांची आठवण आपण फारच कमी काढतो.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिल्या बॅचचे भाऊ दाजी लाड तुमच्या यादीत असतील. कॉलेज सुरू झालं १८४५ ला, पहिली बॅच बाहेर पडली १८५१ ला. त्यांच्याबरोबर त्यांचे भाऊ नारायण दाजी पण घ्या असं मी आवर्जून सांगेन, ते पण ग्रँटचेच डॉक्टर आणि शिवाय आपल्याकडचे अगदी सुरुवातीचे फोटोग्राफर, बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मधे निघाली त्यात त्यांचं नाव आहे. डॉक्टर आणि कॅमेरा यांचं नातं आपल्याकडे इतकं जुनं आहे.

सुश्रुत, चरक, वाग्भट यांच्याबद्दल स्पष्ट बोलतो. त्यांची चित्रं लावा, आयुर्वेदवाल्यांनी लावायलाच हवीत, पण खाली "कल्पनाचित्र" हा शब्द आलाच पाहिजे. त्या काळातलं त्यांचं एकही चित्र आपल्याकडे नाही, जे दिसतं ते अलीकडच्या चित्रकारांनी मनाने काढलेलं. हिपोक्रॅटिसचंही तसंच, त्याचे पुतळे तो गेल्यावर फार उशिरा घडवलेले. यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो खऱ्या फोटोच्या रांगेत ते बेमालूम बसवण्यात.

आणि सुश्रुताशेजारी एक चित्र लावा अशी माझी फार इच्छा आहे, कोणत्याच कॉलेजात मला ते मोठं करून लावलेलं दिसलं नाही. ते चित्र आपल्याच पुण्यातलं आहे. १७९२ च्या टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैलगाड्या हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी टिपूच्या हाती लागला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच होता. मग पुण्याजवळ वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवीन नाक बसवलं. आधी मेणाचा पातळ पापुद्रा घेऊन तो उरलेल्या नाकाच्या जागी नीट बसवून पाहिला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ मारली, तेवढी कातडी सोडवून दोन भुवयांच्या मधे देठ तसाच ठेवून खाली वळवली आणि नाकावर बसवली. इंग्रज सर्जन थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी हे पाहिलं. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात होता, त्याने १७९४ च्या जानेवारीत कावसजीचं चित्र काढलं आणि त्यावरून ऑक्टोबर १७९४ मधे लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमधे ही हकीकत चित्रासकट छापून आली. ती वाचून इंग्रज सर्जन जोसेफ कार्प्यूने लंडनला १८१४ मधे तसंच ऑपरेशन केलं. आज प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक पुस्तकात हे असतं. पेशंटचा चेहरा आपल्याकडे आहे, नाव आहे. सर्जनचा चेहरा नाही आणि नावही नाही. मोठ्या वैद्यांच्या भिंतीवर एक पेशंट असू दे, आणि त्याच्या खाली त्या अनाम माणसाने काय केलं ते चार ओळीत लिहा. माझ्या मते अख्ख्या हॉलमधली सगळ्यात महत्त्वाची पट्टी ती असेल.

जगभरातल्या बाकीच्यांसाठी फार लांब रांग करू नका. अठराव्या शतकातला लंडनचा सर्जन जॉन हंटर हवा असेल तर चित्रकार रेनॉल्ड्सने १७८६ मधे काढलेलं चित्र आहे, पण ते रंगच टिकणारे नव्हते, मूळ चित्र काळवंडलंय, शार्पने १७८८ ला केलेलं एन्ग्रेव्हिंग, म्हणजे कोरीव छाप, जास्त स्पष्ट आहे, तेच लावा. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एका सांगाड्याचे पाय लोंबताना दिसतात, तो चार्ल्स बर्न, उंचीसाठी प्रसिद्ध असलेला आयरिश माणूस. आपला देह समुद्रात सोडा अशी त्याची इच्छा होती आणि हंटरने तो पैसे देऊन मिळवला. लंडनच्या हंटेरियन म्युझियमने २०२३ मधे परत उघडताना तो सांगाडा प्रदर्शनातून काढला. देहदानाच्या संमतीबद्दल ज्या कॉलेजात शिकवतात तिथे हे चित्र ही सगळी गोष्ट सांगूनच लावावं, नुसतं "शस्त्रक्रियेचे जनक" लिहून नाही. पाश्चरचं चित्रकार एडेलफेल्टने १८८५ ला काढलेलं आहे, हातात बरणी, त्यात सशाचा मज्जारज्जू, रेबीजच्या लसीचं काम. हाफकिनसाठी माझी एक सूचना आहे, मोठा प्रिंट नको, त्यांचं १९६४ चं पोस्टाचं तिकीट मिळवा आणि माउंट करून लावा. प्लेगची लस त्यांनी मुंबईत ग्रँट कॉलेजात बनवली, जानेवारी १८९७ मधे आधी स्वतःला टोचून घेतली, आणि हे तिकीट निघालं त्या काळी देशाची तिकिटं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधेच छापली जायची. नाशिकच्या हॉलमधे याहून आपलं काय असणार, आणि खर्च जवळजवळ काहीच नाही.

लावण्याबद्दल. पश्चिमेची भिंत टाळा, पावसाची झड तिथेच बसते आणि ओल आत येते. बाहेरच्या भिंतीवर लावावंच लागलं तर फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहील. मागे नवा प्लाय घालू नका, अ‍ॅसिड-फ्री बोर्ड घाला, फोटो आणि काच यांच्यामधे माउंटची फट राहिलीच पाहिजे. फोटोंवर पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको, तैलचित्रांना दोनशेपर्यंत चालतो. जुन्या फ्रेम शक्यतो त्याच ठेवा, नवी सोनेरी नक्षीची जाड फ्रेम घातली की नाकापेक्षा मोती जड होतो.

आणि हारांचा विषय काढतोच, रागावू नका. पुण्यतिथीला, दसऱ्याला ताज्या फुलांचा हार घातला जातो, काचेवर कुंकवाचं बोट लावलं जातं, खाली उदबत्ती. भावना मला पूर्ण मान्य आहे, माझ्या घरीही हेच करतात. पण हाराचं पाणी काचेवरून ओघळून खालच्या पट्टीत शिरतं, तिथेच आधी बुरशी येते, आणि तुमच्या फोटोंमधे ज्यांची खालची कड गेलेली दिसेल त्यांचं कारण नव्वद टक्के हेच असणार. यासाठी प्रत्येक मूळ तसबिरीची एक चांगली प्रत काढा, हार त्या प्रतीला, कार्यक्रमात खुर्चीवर ठेवायची ती प्रत, मूळ भिंतीवरून हलवायची नाही.

शेवटचं, ज्यांची ओळख एवढं करूनही पटणार नाही ते. त्यांना स्टोअरमधे परत टाकू नका. प्रती काढून माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एका टेबलावर मांडा, शेजारी वही आणि पेन्सिल. निवृत्त सिस्टर, कंपाउंडर, वॉर्डबॉय, लॅबमधले जुने लोक यांना मुद्दाम गाडी पाठवून बोलवा, माझा अनुभव असा की डॉक्टरांपेक्षा हेच लोक चेहरे जास्त ओळखतात, कारण त्यांनी ते रोज सकाळी राउंडला पाहिलेले असतात. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठात, गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयात, सार्वजनिक वाचनालयात तुमच्या प्रती घेऊन जा, जुन्या स्मरणिका चाळायला मागा, ग्रुप फोटोत तोच चेहरा नावासकट सापडतो. कोणी नाव सांगितलं तर सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख पण वहीत लिहा, दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता तेच नाव सांगितलं की मगच पट्टीवर घाला. तोपर्यंत पट्टीवर "नाव अज्ञात, अंदाजे अमुक काळ, अमुक स्टुडिओ" एवढं लिहून त्यांना रांगेतच लावा. पट्ट्या आत्ताच पितळेत कोरून घेऊ नका, पहिल्या वर्षी छापील कागदाच्या ठेवा, कारण मेळाव्यानंतर त्यातल्या काही बदलाव्या लागणारच आहेत.

चिकटलेले फोटो आणि पोपडे सुटलेली चित्रं कुठली आहेत त्यांचे नंबर आणि फोटो मला इथेच टाका, त्यातलं कुठलं तुम्ही हाताळू शकता आणि कुठलं थेट मुंबईला पाठवायला हवं ते मी एकेक करून सांगतो. पाऊस सुरू व्हायच्या आत हे झालं तर बरं.